दादाच्या ओव्हरटाइमपुरतं कॉर्नेट

८ डिसेंबर १९७४, रविवार

दादाला उद्यापासून ओव्हरटाइम. सकाळी सात ते संध्याकाळी सात, थेट ३१ तारखेपर्यंत. सुट्टी एकही नाही. नाताळलाही नाही! भोसरीच्या वर्कशॉपचा मालक म्हणाला म्हणे, "सण तुमचा, ऑर्डर माझी." खाडा केला तर पर्मनंट होणं विसरायचं.

म्हणजे ऐन नाताळात बँडला दादाचं पहिलं कॉर्नेट नाही. मुख्य चाल तेच पितळी वाद्य वाजवतं. सोळापासून घरोघरच्या फेऱ्या. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, रोज संध्याकाळी एक वस्ती. बाबा बँडमास्टर. ते म्हणाले, "खंडू वाजवंल." पण खंडूमामा दुसऱ्या कॉर्नेटवर. पहिल्याच्या चाली त्याला पाठ नाहीत, आणि बँडमध्ये कोणालाच धड वाचता येत नाही. घरातही मी एकटीच मॅट्रिक.

आकडे मात्र सगळ्यांना येतात. बसचे, हजेरीच्या कार्डावरचे. म्हणून मी एक युक्ती काढली. कॉर्नेटला तीन बटणं. दादा वाजवताना कोणतं दाबतो ते बघायचं आणि ओळीने आकडे लिहायचे. १, २, १२, २३. काहीच दाबलं नाही तर शून्य. आज दुपारभर दादासमोर बसून नऊ गीतं उतरवली. तीनदा तपासली. दादा म्हणाला, "शैले, गाणं लिहितीयेस का बिल?"

१० डिसेंबर

फजिती! काल सराव. खंडूमामाने कागद बघून सुरुवात केली. पहिले दोन सूर बरोबर, तिसरा भलतीकडेच. मग एक बरोबर, दोन चूक. मोठा ढोल वाजवणारे किसनकाका टिपरू खाली ठेवून म्हणाले, "नाताळ हाय का मयत हाय रं?" सगळे हसले. खंडूमामाने कागद माझ्या अंगावर टाकला. "मॅट्रिक झालीस न्हवं? मग ह्ये काय!"

बाबांनी कागद उचलून माझ्या हातात दिला. ओरडले असते तर बरं झालं असतं.

चूक कुठे आहे? मला एकही सापडत नाही.

११ डिसेंबर

सापडली! पहाटे दादा चहा घेत होता. रविवारच्याच जागी समोर बसले. म्हटलं, "दादा, पहिलं बटण दाब." त्याने माझ्यापासून लांबचं दाबलं.

"हे पहिलं?"

"माझ्याकडून पहिलं. तुझ्याकडून तिसरं! अगं येडे, तू समोर बसून लिहिलंस!"

हसताना चहा सांडला त्याच्या शर्टावर. मला हसू येईना. एकाचे तीन झाले, तिनाचा एक. दोन आणि शून्य तेवढे खरे, म्हणून मधेच सूर लागत होते. नऊच्या नऊ गीतं नव्याने लिहिली. या वेळी कॉर्नेट स्वतःच्या हातात धरून, एकेक सूर वाजवून.

१२ डिसेंबर

खंडूमामा कागदाला हात लावायला तयार नाही. "आता शिरडीच्या बसचा नंबर लिवून आणला असंल." मी म्हटलं, बरोबर आहे, शपथ. "शपथ घरी."

मग काय झालं मला कळलं नाही. दादाचं कॉर्नेट पेटीतून काढलं आणि कागद बघून वाजवायला लागले. सगळ्यांसमोर! चार वर्षं दुपारी घरी वाजवते. दादानेच शिकवलं, बोटं धरून; बटणांना आकडे कधी दिले नव्हते. आईला माहीत आहे, बाबांना माहीत नाही असं आम्ही धरून चालतो. दुसऱ्या कडव्याला किसनकाकांचा ढोल आपोआप सुरू झाला.

कादरचाचा क्लॅरिनेटवर. थेरगावात त्यांचं सायकलचं दुकान आहे, पण नाताळच्या फेऱ्या वीस वर्षांत चुकवल्या नाहीत. ते म्हणाले, "मास्तर, कागज भी बराबर, छोकरी भी बराबर. आता कशाला शोधता?"

बाबा म्हणाले, "पोरीची जात. रस्त्यावर वाजवंल व्हय?"

"मी दुसऱ्यावरच बरा," खंडूमामा म्हणाला. सुटल्यासारखा.

बाबा आपलं मोठं पितळी युफोनियम पुसत बसले. शेवटी म्हणाले, "सुरेंद्रचा ओव्हरटाइम हाय तवर. तेवढंच."

"तेवढंच," मी म्हणाले. स्वतःच्या तोंडाने म्हणाले. इथे लिहून ठेवते, म्हणजे मागाहून दुसरं काही आठवायला नको.

१३ डिसेंबर

दादाला विचारलं. आधी विचारायला हवं होतं, नंतर विचारलं. रात्रभर तेच डोक्यात. तो म्हणाला, "वाजव की. पेटीत काळं पडण्यापेक्षा बरं." बूट घालून दारात गेला, परत वळला. "वरच्या सुराला गाल फुगवू नको. आणि माझ्यापेक्षा चांगलं वाजवू नको!"

दादा पाचवीतून उठला म्हणून मी शाळेत बसले. तो हे कधी बोलत नाही. पत्र्याच्या आवाजात दिवस काढून येतो आणि कॉर्नेट ओठाला लावलं की त्याचा चेहराच वेगळा होतो. दुसरं काही नाही त्याच्याकडे.

१६ डिसेंबर

पहिली फेरी, पिंपरी. निळा कोट दादाचा, बाह्या आईने दुमडून टाचल्या. खाली माझी साडी. कोपऱ्यावर पोरं उभी होती. "आयला, बाई बँड!" एक म्हणाला, "भावा, ही फुंकते का नुसती धरून उभी राहणार?" मी कॉर्नेट ओठाला लावलं. तिसऱ्या ओळीला वरचा सूर फाटला. हसले. हसू देत! पुढच्या कडव्याला तोच सूर परत येतो. मी त्यांच्याकडे तोंड करून घेतला. लागला.

ज्या घरापुढे वाजवत होतो, तिथल्या म्हाताऱ्या बाईंनी करंज्यांचं ताट आधी माझ्यापुढे धरलं.

१८ डिसेंबर

ओठ सुजलाय. तूप लावलं. आज चार तास, चिंचवड. एकही सूर फाटला नाही.

२१ डिसेंबर

चर्चचे शिरसाठ पंच घरी आले. चहा घेतला. मग म्हणाले, "मास्तर, वस्तीत काय करायचं ते करा. नाताळच्या उपासनेला बँड आत, मुलगी बाहेर. विमलबाईंच्या महिला मंडळाचीही हरकत आहे." मी पडद्यामागे नव्हते, समोर बसले होते. माझ्याकडे बघितलंही नाही.

मी विचारलं, "पंच, हरकत कशाला? मी चुकते का?"

"चुकण्याचा प्रश्न नाही, बाळ. शोभण्याचा आहे."

"दर रविवारी मी पवित्र शास्त्र वाचते उभी राहून. ते शोभतं. तोंड तेच आहे."

आईने पदर तोंडाला लावला. बाबा म्हणाले, "शैला!" पंच कप अर्धा ठेवून गेले.

आता वाटतं, उद्धट बोलले. देवाची माफी मागितली. पंचांची नाही मागणार.

२३ डिसेंबर

बाबांना म्हटलं, तुम्ही सांगाल तर नाही येत. ते म्हणाले, "पंच काय म्हनले? आत न्हाई. एवढंच म्हनले न्हवं?" आणि कोटाची बटणं घासत बसले.

२५ डिसेंबर, बुधवार

सगळं नीट लिहायचंय.

आमच्यात रीत अशी आहे. पहिल्या गीताची पहिली ओळ कॉर्नेट एकटं वाजवतं. ती संपली की मंडळी उभी राहते आणि गाते. कॉर्नेटशिवाय कोणी उठत नाही. कायम असंच चालत आलंय.

नऊ वाजता बँड आत गेला. मी पायरीवर. उंबऱ्याच्या बाहेर, पंचांनी सांगितलं तिथे. थंडीने कॉर्नेट बर्फ झालेलं. आत पाळकसाहेबांनी गीताचा क्रमांक सांगितला. सगळे थांबले. खंडूमामाला पंचांनी खूण केली. खंडूमामाने कॉर्नेट काखेत धरलं आणि छताकडे बघितलं! बाबांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. मान हलवली, अगदी एवढीशी.

मी वाजवलं. दादा घेतो त्यापेक्षा संथ, कारण आत पोचायचं होतं. पूर्ण ओळ. मग मंडळी उठली. पण आवाज तर दारातून आलेला, त्यामुळे बायका दाराकडे वळल्या. त्या वळल्या म्हणून पुरुष वळले. अख्खी मंडळी वेदीकडे पाठ करून, माझ्याकडे तोंड करून गायली! पाळकसाहेब सगळ्यांच्या पाठी बघत उभे. शिरसाठ पंच एकटे वेदीकडे तोंड करून, मान ताठ. विमलबाई माझ्या डोळ्याला डोळा भिडवून गात होत्या. सगळी कडवी.

नंतर पाळकसाहेब पायरीवर आले. "मुली, पुढच्या रविवारी आत ये. म्हणजे मंडळी मला तोंड तरी दाखवेल."

मी गर्वाने वाजवलं का? विचार केला. हो, थोडं गर्वाने वाजवलं. पण चुकीचं नाही वाजवलं.

दादा आठ वाजता आला. ग्रीसचे हात. आईने ताट वाढलं. तो म्हणाला, "कंपनीत नऊचा सायरन झाला तेव्हा मनात म्हटलं, आता पहिली ओळ." जेवला आणि बसल्या जागी झोपला.

२८ डिसेंबर

आकुर्डीची फेरी. दोन ठिकाणी लोकांनी विचारलं, "ती कॉर्नेटवाली आलीय ना?" बाबांनी ऐकलं. घरी येताना म्हणाले, "सुरेंद्रच्या वरच्या सुरात जोर हाय. तुझ्या सुरात... काय म्हनायचं... ऐकावं वाटतं." त्यांनी दोन्ही मुलांचं माप काढलं आणि मला रडू आलं. आनंदाने की दादासाठी, नक्की सांगता येत नाही, म्हणून लिहीत नाही.

३१ डिसेंबर

ओव्हरटाइम संपला. मालकाने पर्मनंटचं नाव काढलं नाही. दादा म्हणाला, "जाऊ दे. कॉर्नेट तर आहे."

२ जानेवारी १९७५, गुरुवार

संध्याकाळी सराव. सगळे जमले होते. दादाने हसत कॉर्नेटसाठी हात पुढे केला.

मी दिलं नाही.