नव्या नागलीचा अर्धा गोळा

गुरुवार, संध्याकाळ. बोम्मसंद्रा.

आज कंपनीच्या कॅन्टीनमध्ये रागी मुद्दे, म्हणजे आपल्या नागलीचे गोळे. वास थेट घरचा आला म्हणून वाढणाऱ्या अक्कांना विचारलं. "होस रागी, अण्णा. नवीन!" तोवर माझा अर्धा गोळा खाऊन झाला होता.

आमच्या पाड्यावर धान्याची देवी कणसरी हिला नैवेद्य दाखवल्याशिवाय नवा दाणा कुणी तोंडात घालत नाही. नैवेद्य थोरल्या मुलाने दाखवायचा, तोही नवं खाण्याआधी. मला रजा मिळेना, म्हणून यंदा घर थांबलंय. नागली कणगीत भरून ठेवलीय आणि आई रेशनचा भात गिळते आहे. तिला त्याने पोट भरल्यासारखं वाटतच नाही.

खोलीवर आल्यावर तिला फोन करून सगळं सांगितलं. वाटलं, रागावेल.

ती हसलीच. "भूक लागली नि खाल्लंस, कणसरी का रागावते? मंग आता सोमा दाखवील उद्या नैवेद्य. तू नको रजेसाठी हातापाया पडू."

मागून धाकटा सोमा ओरडला, "दादा, एकटाच जेवलास होय रे!"

उद्या आईला भाकरी मिळेल. चांगलंच झालं, नाही का? देवापुढे दिवा लावला, हात जोडले, तरी तो अर्धा गोळा डोळ्यांपुढून हलत नाही. इतके दिवस रजा मागताना एक बळ होतं, की तिकडे माझ्यावाचून घास अडलाय.

आता अडणार नाही.