उकाड्यातलं पुडिंग

प्रिय विनी,

नाताळ पार पडला. मेंढ्यांसुद्धा सगळे खुशाल. इथे डिसेंबरात भर उन्हाळा, म्हणून जेवणात थंड हॅम आणि काकडीच ठेवली, पण पुडिंग आईसारखं फडक्यात बांधून उकडलंच.

बायको नेल वारल्यापासून आपला भाऊ क्लेम धड जेवत नव्हता. पुडिंग मुरायला हवं म्हणून मागच्या महिन्यातच मिश्रण ढवळायला बोलावलं, तर म्हणाला, "या उकाड्यात पुडिंग? ताई, डोकं फिरलंय तुझं!"

"घरातल्या प्रत्येकाने एकदा ढवळायचं आणि मनात काहीतरी मागायचं. ये मुकाट्याने."

त्याने डाव एकदा फिरवला. मग पुन्हा फिरवला. "हा नेलचा," म्हणाला.



आज त्याने पुडिंग दोनदा मागून घेतलं. वर म्हणतो, "मीठ विसरलीस."

चव कळायला लागली म्हणायची. तुझे गुडघे कसे आहेत?

तुझी,
एडिथताई