शंका असेल तर आत

३ नोव्हेंबर
आज आणखी दोघं गेले. डॉक्टरांचे जुळे. सांगायला स्वतः आलेसुद्धा नाहीत. ड्रायव्हर आला आणि रॅकेटच्या पिशव्या उचलून घेऊन गेला. यातल्या एकाला सर्व्हसाठी बॉलचा टॉस सरळ वर टाकता येत नव्हता. सगळा उन्हाळा त्याला भिंतीशी उभा करून मी नुसता टॉस घोटवून घेतला. आता सर्व्ह बसली, तर चालले गॉगलवाल्याकडे. गरज सरो, वैद्य मरो!

गॉगलवाला म्हणजे क्लबने आणलेला नवा टेनिस कोच. आभाळ भरून आलं तरी याचा गॉगल काही उतरत नाही. तीनपैकी दोन कोर्ट त्याला दिलीत. मला कोपऱ्यातलं. तिथे बेसलाइनच्या मागे दोन पावलं सरकलं की पाठ जाळीला लागते.

४ नोव्हेंबर
बॉल पार मेलेत, टप्पाच घेत नाहीत. नवे मागितले. सेक्रेटरी म्हणाला, आता एवढ्याशा मुलांना कशाला नवे. बरोबरच आहे म्हणा.

८ नोव्हेंबर
पोरगी मात्र खेळतेय. माझी आहे म्हणून म्हणत नाही. बारा वर्षांची आहे, पण बॉल नेटवर यायच्या आत हिचा खांदा वळलेला असतो. लोक म्हणतात, ते उपजत असावं लागतं. उपजत कसलं! चार वर्षं रोज पहाटे मी शिकवलंय.

महिनाअखेरीला निवड आहे. दुसऱ्या शहरात निवासी केंद्र आहे. शाळा, राहणं, खेळ सगळं तिथेच, आणि कोच असे की आमच्यासारख्यांनी लांबून नमस्कार करावा. आमच्या क्लबातून एकच मुलगी घेणार. एक तर ही, नाहीतर गॉगलवाल्याकडे शिकणारी डावखुरी. दोघींची मॅच लावणार आणि जिंकेल ती जाणार. मला तिच्या वयात कुणी असं विचारलं असतं, तर — जाऊ दे.

१२ नोव्हेंबर
जेवताना तोंड सुटलं माझं. सगळे कृतघ्न, हाताला धरून चालायला शिकवा आणि हेच पुढे जाऊन ओळख दाखवत नाहीत, वगैरे. बायको म्हणाली, निदान घरात तरी गळ्यातली शिट्टी काढून ठेवा. पोरगी समोरच जेवत होती.

१६ नोव्हेंबर
शेवटचा उरलेला ठेंगूही गेला. तो तरी टिकेल असं वाटलं होतं. त्याची आई फाटकाशी उभी राहून फार गोड बोलली. म्हणे, 'तुमच्यामुळेच तर याला गोडी लागली, सर.' गोडी मी लावायची आणि फळं दुसऱ्याने खायची!
आता कोर्टवर मी आणि पोरगी. दोघंच.

१८ नोव्हेंबर
डावखुरीशी सरावाची मॅच झाली. पोरगी हरली. खेळून नव्हे, निकाल देऊन हरली!

मुलांच्या मॅचला पंच नसतो. आपल्या बाजूला पडलेल्या बॉलचा निकाल आपणच द्यायचा. शंका असेल तर बॉल आत धरायचा आणि पॉइंट समोरच्याला द्यायचा. हे मीच तिला रॅकेट धरायच्या आधीपासून घोकवलंय. पण आज सरळ बाहेर गेलेले दोन बॉल तिने आत दिले. प्रामाणिक राहा म्हणालो होतो, धर्मशाळा उघड म्हणालो नव्हतो!

१९ नोव्हेंबर
डोळे तपासले. रेषेच्या आतबाहेर बॉल टाकत गेलो, तिने सांगत जायचं. एकदाही चुकली नाही. केसभर बाहेर पडलेलासुद्धा पकडला. म्हणजे दिसतं तिला सगळं. घाबरते ती. तुझ्यात धमकच नाही, असं तोंडावर म्हणालो. म्हणायला नको होतं. तिने खाली पडलेले बॉल एकेक करून टोपलीत भरले.

२६ नोव्हेंबर
उद्या मॅच. जिंकणार ती.

२७ नोव्हेंबर
तिसरा सेट, पोरगी चार-दोनने पुढे. काय खेळत होती! डावखुरी पार दमलेली. तिचा एक फोरहँड बेसलाइनच्या चांगला वीतभर मागे पडला. डावखुरीने मान टाकली आणि पाठ फिरवली. आणि माझ्या पोरीने तळहात जमिनीकडे धरला — आत!

मग पुढच्या गेममध्ये पुन्हा. आणि पुन्हा. गॉगलवाल्याने गॉगल कपाळावर सारला. मी जाळीत बोटं रुतवून उभा. बाहेरून एक शब्द काढला असता तरी दंड तिलाच बसला असता. चार-दोनची मॅच चार-सहाने गेली. तिने हात मिळवला, पाणी प्याली, पिशवी खांद्याला लावली. डोळ्यांत टिपूस नाही.

फाटकाशी गॉगलवाला आडवा आला. 'सर, ती हरलेली नाही. तिला विचारा.' जखमेवर मीठ चोळायला आलाय असं वाटलं, म्हणून त्याला वळसा घालून निघालो. वाटेत मात्र पोरीला नाही नाही ते बोललो. भित्री म्हणालो. सगळ्या कष्टांवर पाणी फिरवलंस म्हणालो. जिने चढेपर्यंत तोंडाचा पट्टा चालूच. तिच्या आईने दार उघडलं आणि मला म्हणाली, पुरे.

२८ नोव्हेंबर
सकाळी विचारलं, का केलंस. बुटाची नाडी बांधत होती, मान वर न करता म्हणाली, 'सगळे गेले ना, बाबा. मी पण गेले असते तर तू कुणाला शिकवणार होतास?'

तिला शाळेत सोडलं आणि तसाच गॉगलवाल्याकडे गेलो. म्हटलं, केंद्राच्या लोकांना फोन करा, काल काय पाहिलंत ते सांगा. आणि ते घेईपर्यंत हिला तुमच्याकडे घ्या.