मेकॅनिकचा हात लागता कामा नये

३ ऑक्टोबर, शुक्रवार. जळगाव.
काल दसरा. नानांच्या ट्रान्सपोर्टच्या पाचही गाड्यांना झेंडूच्या माळा, पाने-पकडी पाटावर, वर हळदकुंकू. पेढा तोंडात असताना मी बोलून गेलो की ज्या पान्यांची आपण पूजा करतो ते ड्रायव्हरला धरता येत नसतील, तर ही पूजा नव्हे, ढोंग आहे. प्रत्येक ड्रायव्हरने आपली गाडी आपण दुरुस्त करावी.  मग आमच्यातलाच एक ड्रायव्हर, अभिमन, म्हणाला की त्याने त्याच्या गाडीचं इंजिन आजवर पाहिलेलं नाही, आणि दोघांचं छान चाललं आहे. लोक हसले. मला सगळे 'बीएस्सी' म्हणतात. रसायनशास्त्र, सेकंड क्लास. बावीस वर्षं गाडी चालवतोय, तरी हे नाव सुटत नाही.
नाना मात्र हसले नाहीत. म्हणाले, "महिनाभर तुनी गाडीले मेकॅनिकना हात लागाले नको. जिंकना तर दिवाळीनंतर येणारी नवी गाडी तुनी. हारना तर आत्ते शे ती गाडी बी अभिमनले."
मी हो म्हटलं. म्हणण्याआधी तीन सेकंद विचार केला. पुरेसा होता का? होता.

४ ऑक्टोबर.
संकल्प: (१) रोज पहाटे ऑइल, पाणी, हवा तपासणे. (२) गाडीचं मॅन्युअल पूर्ण वाचणे. (३) अहंकार न बाळगणे.
मॅन्युअलची नऊ पानं झाली. आठ पानं सीटबेल्टवर आहेत.

७ ऑक्टोबर, मंगळवार. एरंडोलच्या पुढे, सकाळी ८.
सुरतेला डाळ घेऊन निघालो. मागचं चाक पंक्चर. आनंद झाला. गाडी कडेला घेऊन जॅक लावला आणि दांडा मारू लागलो. गाडी वर जाईना. वीस मिनिटांनी पाहिलं तर जॅक खाली गेला होता. काळी माती, त्यात परवाचा पाऊस. जॅकचं फक्त डोकं दिसत होतं.
तेवढ्यात नूर महंमद स्कूटरवरून आला. पारोळ्याजवळ त्याचं गॅरेज आहे. साठीचा माणूस, आमच्या सगळ्या गाड्या त्याच्याच हाताखालून गेलेल्या. मी त्याला लांबूनच ओरडून पैज सांगितली. त्याने हात पाठीमागे बांधले, कडेला पडलेल्या एका फळीकडे पायाने खूण केली आणि निघून गेला. फळीवर जॅक ठेवला. गाडी उचलली.
प्रश्न: हे मेकॅनिकचं काम झालं का? प्रामाणिकपणे विचार केला. पैज हाताची आहे. त्याने पाय वापरला. शिवाय फळी मलाही दिसली असती.

१२ ऑक्टोबर, रविवार. धुळे.
हॉर्न बंद पडला होता. वायरिंग उघडून दीड तासात दुरुस्त केला. आता ब्रेक दाबला की हॉर्न वाजतो. तसं पाहिलं तर सुरक्षिततेच्या दृष्टीने हे बरंच आहे.
पारोळा चौफुलीला बारा वेळा ब्रेक लागला. पुढचा रिक्षावाला उतरून आला. मी त्याला समजावलं की हा हॉर्न 'बाजूला हो' म्हणत नाही, 'मी थांबतोय' म्हणतो. त्याला ते पटलं नाही. त्याचे शब्द लिहीत नाही.
संध्याकाळी नूर महंमदला व्हिडिओ कॉल केला. त्याने कोणती वायर कुठे ते सांगितलं. मोबाइलवर त्याचा फक्त चेहरा दिसत होता. चेहऱ्याला हात नसतात.
आता हॉर्न दाबला की हॉर्नच वाजतो. वायपरही फिरतो, पण एकदाच.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार. घरी.
अर्धा महिना झाला. मेकॅनिकचा हात: शून्य. बायकोला, कोकिळाला, सांगितलं की नवी गाडी आली की तिच्याच हातून नारळ फोडायचा. ती म्हणाली, आधी घरातला मिक्सर नीट करून द्या. मिक्सर मी दुरुस्तीला घेतला आहे. सहा महिने झाले. वेळ मिळत नाही.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार. घरी.
मोठी कल्पना सुचली.
नव्या गाड्यांना डिझेलबरोबर युरियाचं पाणीही लागतं. त्याची टाकी वेगळी, झाकण निळं. त्याने धूर स्वच्छ होतो. माझ्या गाडीतलं हे पाणी तळाला गेलं होतं. पंपावर ते पाणी कॅनमध्ये तयार मिळतं, पण तयार घेणं तत्त्वात बसेना. मॅन्युअलमध्ये प्रमाण दिलं आहे: युरिया साडेबत्तीस टक्के, बाकी पाणी. याला कॅन कशाला? जामनेरला भावाच्या शेतावर युरियाची अर्धी गोणी पडली होती. ती आणली. युरिया म्हणजे युरिया. रेणू कपाशीला एक आणि गाडीला एक असा वेगळा नसतो.
मिश्रणावर थोडा तेलकट तवंग आला. गोणी पाहिली. कडुनिंबाचा लेप दिलेला युरिया आहे. म्हणजे उलट औषधीच. कोकिळाच्या पुरणाच्या चाळणीतून मिश्रण दोनदा गाळून टाकीत ओतलं. चाळणी तीनदा धुतली. तिला सांगावं का? सांगितलं नाही. पण इथे लिहितो आहे, म्हणजे लपवलं असं होत नाही.

२५ ऑक्टोबर, शनिवार. पारोळा.
गाडी उत्तम. पुन्हा डाळ घेऊन सुरतेला निघालो आहे. मागे कडुनिंबाचा मंद वास येतो. नाक्यावर मागच्या टेम्पोवाल्याने मान बाहेर काढून विचारलं की गाडीत कोणी आजारी आहे का.
दुपारी २. समोर एक पिवळा दिवा लागला आहे. इंजिनचं चित्र.
दुपारी ३. दिवा बघून लक्ष विचलित होतं. केबिनच्या आरशावर कोकिळाची एक मरून टिकली चिकटलेली होती. दिव्यावर अगदी बरोबर बसली. आता गाडी उत्तम.

२६ ऑक्टोबर, रविवार. साक्रीच्या पुढे.
सकाळपासून गाडी दमल्यासारखी वाटते. जास्तीत जास्त वीसचा वेग. वेग हा आधुनिक रोग आहे.
कोंडाईबारीचा घाट. इथे वेग चारचा. शेजारून एक आबा काठी टेकत चालले होते. खिडकीतून गप्पा झाल्या. अर्ध्या घाटापर्यंत त्यांच्या दोन्ही मुलींची लग्नं कशी जमली ते कळलं. धाकटीचा जावई भुसावळला रेल्वेत आहे. तिसरी गोष्ट सुरू झाली आणि ते म्हणाले की त्यांना जरा घाई आहे. पुढे निघून गेले.
दुपारी १. गाडी थांबली. मागे दगड आणि फांद्या लावल्या. टिकली काढून पाहिली. आता तिथे तीन दिवे आहेत.
दुपारी ३. स्वतःशी खरं बोलायला हवं. युरियाचा संबंध असू शकतो का? रसायनशास्त्रानुसार नाही.
दुपारी ४. रसायनशास्त्रानुसार आहे. कडुनिंबाचं तेल.
संध्याकाळी क्रेन मागवली. क्रेनचा ऑपरेटर हा मेकॅनिक नव्हे. त्याला दोनदा विचारून घेतलं.

२७ ऑक्टोबर, सोमवार. नूर महंमदच्या गॅरेजसमोर.
क्रेनवाल्याला गाडी गॅरेजच्या आत नेऊ दिली नाही. रस्त्यावरच उभी आहे. नूर महंमद हात पाठीमागे बांधून बाहेर आला. निळ्या झाकणाजवळ वाकला, वास घेतला आणि सरळ झाला. मी सगळं सांगितलं. चाळणीसुद्धा. तो स्टुलावर बसला आणि त्याचे खांदे हलू लागले. मला वाटलं रडतोय.
मग डोळे पुसून म्हणाला, "जीवराम भाई, तुमने गाडी को खाद डाला. अब इसको केले लगेंगे क्या?"
गॅरेजमधले सगळे ते बघायला बाहेर आले. एकाने खरंच मागे जाऊन पाहिलं.
हे काम त्याच्याही हातचं नाही, म्हणाला. कंपनीचा माणूस येईल, लॅपटॉप लावेल. धूर स्वच्छ करणारा अख्खा भाग बदलावा लागेल. डाळ दुसऱ्या गाडीत भरून सुरतेला गेली. अभिमन घेऊन गेला. जाताना त्याने हॉर्न वाजवला.

१ नोव्हेंबर, शनिवार.
नाना गॅरेजवर आले. गाडीभोवती एक फेरी मारली. दिव्यावरून काढलेली टिकली मी दाराला चिकटवली होती, तीही पाहिली. मग नूर महंमदला विचारलं की महिन्याभरात या गाडीला किती वेळा हात लावला.
तो म्हणाला, "एक बार भी नहीं, नाना. अल्ला कसम."
 नवी गाडी. कोकिळा. नारळ. मी गप्प राहू शकलो असतो. पण मग फळी आठवली, तो पाय आठवला, मोबाइलमधला चेहरा आठवला. म्हटलं, हे सांगितलं नाही तर आयुष्यभर ब्रेक दाबताना वाटत राहील. सगळं सांगितलं. सांगायला अर्धा तास लागला. मध्ये नाना खुर्चीवर बसले, नंतर चहा आला.
शेवटी ते म्हणाले, "पैज तू जिंकना रे भो. कोन्हाच हात लागना नही. पन गाडी कोठे शे?"
मी बोट दाखवलं. गाडी समोरच होती.
निकाल: ही गाडी दुरुस्त झाली की अभिमनला. नवी गाडीही अभिमनलाच, दोन्हींतली जी आवडेल ती त्याने चालवायची. मला पुढचा महिना देखभाल विभागात. असा विभाग आजवर नव्हता. माझ्यासाठी उघडला आहे. अधिकार: फडकं, बादली. पान्याला हात लावायचा नाही, हे नानांनी तीन वेळा सांगितलं. जबाबदारी टप्प्याटप्प्याने देण्याची त्यांची पद्धत आहे.

८ नोव्हेंबर, शनिवार.
अभिमन माझ्या गाडीतून सुरतेला निघाला. कंपनीचा भाग बसवला आहे, गाडी कुजबुजल्यासारखी चालते. तो खिडकीतून म्हणाला, "बीएस्सी भाऊ, काच तेवढी पुशी द्या." पुसली. पाण्याने एकदा, कोरड्या कागदाने एकदा. बाहेरून हिऱ्यासारखी झाली. तरी उजवीकडे एक डाग राहिला. त्याच्या लक्षात आला नव्हता, पण मला तसं सोडवेना. गाडी सुटली. मी फडकं घेऊन धावलो. वळणावर ट्रॅक्टर आडवा आला म्हणून अभिमन थांबला, तिथे गाठलं. पायरीवर चढलो, डाग घासला. पुन्हा घासला. थुंकी लावून घासला.
डाग आतल्या बाजूने होता.