तिसरी शिटी

आई,

काल सकाळी कुकरची तिसरी शिटी झाली आणि आतल्या खोलीतून तुझा नातू ओरडला, "त्रेश! आई, त्रेश झाल्या, बंद कर!" माझा हात गॅसच्या बटणावरच राहिला. चौथी झाली, पाचवी झाली, डाळीचा पार लगदा व्हायची वेळ आली, तेव्हा तोच बाहेर आला, गॅस बंद केला आणि म्हणाला, "काय झालं तुला? पोर्तुगीजमध्ये तीनला त्रेश म्हणतात. प्रॅक्टिस करतोय मी." मी म्हटलं, हो का. जसं काही मला ठाऊकच नव्हतं.

तू गेल्याला सोळा वर्षं झाली, तेव्हा थोडं मागचं सांगायला हवं. ठाकूरद्वारची आपली चाळ पाडली, त्याच जागेवर टॉवर उभा राहिला आणि आम्ही आता अकराव्या मजल्यावर असतो. समुद्राचा एक तुकडा दिसतो, पण दोरी बांधून कपडे वाळत घालायला गॅलरी नाही, म्हणजे तू नाकच मुरडलं असतंस. मी पोस्टातून निवृत्त झाले. तुझा नातू सत्तावीस वर्षांचा झाला, कंप्युटरवर काहीतरी करतो, ते काय ते मला तीनदा समजावून झालं आहे. आणि त्याला आता पोर्तुगालचा पासपोर्ट हवा आहे. तुझ्या जिवावर. गोव्यात त्यांचं राज्य असताना जी माणसं जन्मली, त्यांची नावं अजून पोर्तुगीजांच्या जन्मनोंदीच्या वह्यांत आहेत. राज्य गेलं, वह्या राहिल्या. त्या वहीतल्या बाईचा नातू थोडीशी भाषा शिकला, कागद जुळवून दिले, तर त्याला तिथलं नागरिकत्व मागता येतं म्हणे. मग युरोपात कुठेही नोकरी कर. "आई, साडेचारशे वर्षं त्यांनी आपल्याकडून घेतलं," हा मला ऐकवतो, "मी जरासं परत घेतोय. त्यात काय एवढं?" तुझे जावई पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "त्यांना गोवा सोडवत नव्हता, आपल्या चिरंजीवांना मुंबई सोडायची घाई." ते अशी वाक्यं टाकून मोकळे होतात. निस्तरायचं मी.

निस्तरायचं म्हणजे सही करायची. दादरला एका मिठाईच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एजंटचं ऑफिस आहे, तिथे महिन्यापूर्वी आम्ही गेलो होतो. नातू स्वतः गोव्याला जाऊन तुझा जन्माचा दाखला घेऊन आला होता, चारी बाजूंना त्यांच्या भाषेतलं बारीक लिखाण आणि मधोमध तुझं माहेरचं नाव. ते नाव घेऊन तुला हाक मारलेली मी फक्त आजोबांच्या तोंडून ऐकली होती. तुझे मुंबईतले सगळे कागद, नर्सिंगच्या सर्टिफिकेटापासून मृत्यूच्या दाखल्यापर्यंत, बाबांनी लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहिलेल्या नावाचे. पहिलं नावही बदललेलं, आडनावही बदललेलं. एजंट पंचविशीतला, गोड बोलणारा. म्हणाला, "मॅडम, आपल्या लोकांच्या केसेसमध्ये हे कॉमन आहे. लग्नात लेडीजचं नाव बदलतात, मग तिकडच्या साहेबांना वाटतं या दोन बायका आहेत. डॉटरने अ‍ॅफिडेव्हिट द्यायचं, दोन्ही नावांची बाई एकच, माझी आई. तुमच्याशिवाय कोण देणार?" खरंच, माझ्याशिवाय कोण उरलंय? मी म्हटलं, बघते. आणि महिनाभर बघतेच आहे. एकदा गुडघा दुखला, एकदा पाहुणे आले, एकदा तर मी चष्मा हरवला. तो माझ्या डोक्यावरच होता, पण ते मी कुणाला सांगितलं नाही.

कारण तू एकदा काय म्हणाली होतीस ते माझ्या कानात आहे. तळमजल्यावरच्या काकूंनी स्वतःच्या मुलांसाठी हेच सगळं केलं होतं आणि त्या तुला सांगायला आल्या होत्या, "तुमचा जन्म तिकडचाच ना, घालून ठेवा नाव. नातवाला उपयोग होईल." तू मेथी निवडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "त्या वहीतली पोर वेगळी, मी वेगळी. ती पोर तिकडेच राहिली." काकू निघून गेल्या. तू त्या दिवशी मेथीची देठंसुद्धा भाजीत टाकलीस, इतकी चिडली होतीस.

आणि का चिडू नये? आजोबांचा उजवा हात आम्ही रोज बघत होतो. गावात मराठी शाळा चालवणारा साधा मास्तर, त्याच्या पेटीत मुंबईहून आलेली गोवामुक्तीची पत्रकं सापडली, म्हणून त्या पोलिसांनी भोकं पाडलेल्या लाकडी फळीने तळहातावर इतकं मारलं की बोटं पुन्हा मिटलीच नाहीत. खडू धरता येईना. तुरुंगातून सुटल्यावर तुम्ही सगळं सोडून गिरगावात आलात, तू तेव्हा बारा वर्षांची. पुढे गोवा सुटला, चाळीत पेढे वाटले गेले, पण आजोबा परत गेले नाहीत. "खडू धरायला येत नाही, तर शाळेत जाऊन काय करू?" एवढंच म्हणाले, असं तूच सांगायचीस. मला आठवतं ते त्यांचं ताट. आमटीभात तू त्यांच्या ताटात कालवून द्यायचीस, अगदी मऊ, आणि मग ते डाव्या हाताने चमच्याने खायचे. ड्यूटीवरून दमून आलीस तरी ते काम तू मला कितीतरी वर्षं करू दिलं नाहीस. मी एकदा हात घातला तर म्हणालीस, "राहू दे. तुला जमायचं नाही." कालवायला काय जमायचं असतं गं?

आता ज्या दिवसाचं मी कुणालाच कधी सांगितलं नाही, त्याचं. शनिवारची अर्धी शाळा सुटली की मला परळला तुझ्या वॉर्डात यावं लागायचं, घरी आजोबा एकटे आणि मी वांड, म्हणून. सिस्टरच्या टेबलाशी स्टुलावर बसून मी तुला बघत असे. छातीला उलटं टाचलेलं ते घड्याळ, दोन बोटं पेशंटच्या मनगटावर, आणि ओठ हलतायत. तू नाडी मोजायचीस ती त्या पोर्तुगीजांच्या भाषेत. उं, दोयश, त्रेश, क्वात्रु. सकाळी त्यांच्या सक्तीच्या शाळेत तू पहिले आकडे शिकलीस, दुपारी आजोबांच्या शाळेत मराठी. माणूस दहा भाषा शिकला तरी मोजतो त्याच भाषेत ज्यात पहिल्यांदा मोजायला शिकला, हे तूच मला पुढे सांगितलंस. स्वेटरचे टाके तसेच, जिन्याच्या पायऱ्या तशाच. घरात आम्हाला वाटायचं, तू काही पुटपुटतेस, देवाचं असेल.

त्या शनिवारी खिडकीजवळच्या खाटेवर एक म्हातारा होता. जन्मभर बोटीवर स्वयंपाकी, गोव्याचा, मागेपुढे कुणी नाही. तू त्याची नाडी धरून मोजते आहेस, मी बघते आहे. तू साठाच्या पुढे गेलीस आणि म्हाताऱ्याने डोळे मिटूनच तुझ्याबरोबर मोजायला सुरुवात केली. शेवटी तुम्ही दोघं एकदमच थांबलात. "सेतेंता इ दोयश," तो म्हणाला. बहात्तर. तू दचकलीस आणि मग हसलीस. मी तुला तशी हसताना आधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. मग तू त्याच्या खाटेच्या कडेवर टेकलीस, ड्यूटीवर असताना, जे तू शिकाऊ मुलींना कधी करू देत नसस, आणि तो आणि तू काय काय बोलत होतात देव जाणे. तू हात हलवत होतीस, त्याला कसलं तरी गाणं म्हणून दाखवत होतीस, त्याने मध्येच शब्द सांगितला की टाळी देत होतीस. मेट्रनने दारातून पाहिलं आणि ती तशीच निघून गेली. मला वाटलं, ही कोण मुलगी? मला ती फार आवडली. घरी परतताना मी विचारलं, "आई, ती कुठली भाषा गं?" तू माझा दंड इतका घट्ट धरलास की वळ उठला. "आजोबांना सांगायचं नाही. कळलं? त्यांच्या हाताकडे बघ एकदा, मग तोंड उघड." मी नऊ वर्षांची. एक अक्षर बोलले नाही. पण पुढच्या सगळ्या शनिवारी तुझे ओठ बघून बघून मी पाठ केलं. मला आजही बहात्तरपर्यंतच येतं, कुणाला ताप असला आणि नाडी त्यापुढे गेली, की तू ओठ मिटून मनात मोजायचीस.

तुझ्या शेवटच्या आठवड्यात तुझं मनगट मी धरलं होतं, तुझंच घड्याळ घेऊन. ते तू मला मी पोस्टात लागले तेव्हा दिलं होतंस, "तिकिटं चिकटवताना वेळ कळेल," असं चिडवत. मी ओठ हलवत मोजत होते आणि तू एक डोळा उघडून म्हणालीस, "पंधरानंतर चुकलीस." तेवढंच. मी किती दिवसांपासून शिकते आहे, कुणाकडून शिकले, काही विचारलं नाहीस.

तर या महिनाभरात नातवाला मी काय सांगितलं असेल? आजोबांचा हात सांगितला. अगदी फळीच्या भोकांसकट सांगितला, आजोबांनी स्वतः कधी सांगितला नव्हता इतका रंगवून सांगितला. "ज्यांनी हे केलं त्यांच्या वहीत आजीला पुन्हा नेऊन बसवायचं?" असं म्हटलं. पोराचा चेहरा उतरला. म्हणाला, "तुला नसेल करायचं तर नको करू, आई. मी फोर्स नाही करणार." आणि मग जरा वेळाने, दारातून, "आजीला येत होतं का गं पोर्तुगीज?" मी म्हटलं, "नाही रे. तिला कुठून येणार?"

आई, मला खोटं बोलता येत नाही असं तू सगळ्यांना कौतुकाने सांगायचीस. बघ. आणि त्याहून वाईट म्हणजे, आजोबांच्या हातासाठी मी अडून बसले नव्हतेच. तो जाईल, एवढंच. पुन्हा या घरात राहायला येणार नाही, वर्षाकाठी पंधरा दिवस येईल, पाहुण्यासारखा, आणि मी त्याला फोनवर विचारत बसेन, जेवलास का. तुझा राग मला बरा सापडला पुढे धरायला. स्वतःच्या भीतीला मी आजोबांचा हात दिला. त्या हाताला मी एवढ्याशा कामाला जुंपलं याची मला लाज वाटते.

कारण काल त्याने "त्रेश" म्हटलं तेव्हा मला दुसरा एक दिवस आठवला, आणि तो विसरता येत नाही म्हणूनच डाळीचा लगदा झाला. रविवार होता. चाळीत गॅस नुकताच आला होता, कुकरही नवा. तू ओट्याशी नारळ खवत होतीस, आजोबा उंबऱ्याजवळ पेपर धरून, मी पाटी पुसत. पहिली शिटी झाली, तुझ्या तोंडून निघून गेलं, "उं." दुसरीला, "दोयश." आणि तेव्हा तुझ्या लक्षात आलं की आजोबा तिथेच आहेत. तू खवणीवर नुसती बसून राहिलीस. तिसरी झाली. मला वाटलं आता काय होणार. पेपराच्या मागून आजोबांचा आवाज आला, "त्रेश. बंद कर गो, भात करपेल." तू उठून गॅस बंद केलास, तुझी पाठ होती त्यांच्याकडे. म्हणालीस, "बाबा, सुटतं तोंडातून. काय करू?" आजोबांनी पेपर खाली ठेवला. "सुटूं दी गो बाय. मला आकड्यांनी मारलं नाही. मारणारे गेले कधीच. चल, वाढ, भूक लागली." तू ताट घेतलंस, भात कालवायला बसलीस, आणि त्या दिवशी मला जवळ बोलावून माझा हात ताटात घातलास. "असं. बोटांनी नाही, तळव्याने," म्हणालीस. तेव्हापासून ते काम माझं झालं, आजोबा होते तोवर.

म्हणजे आजोबांनी सोडून दिलं होतं. तू जमेल तेवढं सोडलंस, मेथीच्या देठांचा दिवस सोडून. धरून ठेवलं ते मी. काकूंना तू काहीही म्हणालेली असलीस, ती वहीतली पोर आणि तू एकच होतात, हे मी शपथेवर सांगू शकते. मी तिला पाहिलं आहे, परळला, खिडकीजवळच्या खाटेवर, टाळी देताना. दुसरं कुणी साक्षीदार उरलेलं नाही, तेव्हा उद्या अकरा वाजता एजंटने ठरवलेल्या नोटरीसमोर बसून मी तेच लिहून देणार आहे. मग तो जाईल. जाऊ दे. मला रडू येणार आहे, ते मी आधीच सांगून ठेवते.

पोस्टात अडतीस वर्षं काढली, अपुऱ्या पत्त्याच्या पत्रांचं काय होतं ते मला चांगलं माहीत आहे, म्हणून हे कुठे टाकत नाही. तुझ्या घड्याळाच्या डबीखाली ठेवते. नातवाला हाताची गोष्ट सांगितली, कुकरची अजून सांगितली नाही. सांगितली असती तर नाही म्हणायला माझ्याकडे काही उरलंच नसतं. आत्ता कुकर लावला आहे. तो आत बसून प्रॅक्टिस करतो आहे. दोन शिट्या झाल्या. तिसरी झाली की आज मी ओरडणार आहे, आणि तो बाहेर येऊन विचारेलच, तुला कसं येतं.