बासष्टवरचं घर

प्रिय हेल्मी,

तुझा पत्ता बदलला असेल तर पत्र परत यावं म्हणून पाकिटावर माझा पत्ता दोन ठिकाणी लिहिलाय. हसू नकोस. तू मला 'मोजपट्टी' म्हणायचीस, आता दुकानातले लोकही तेच म्हणतात. तांत्रिक शाळा मी मध्येच सोडली. हार्डवेअरच्या दुकानात लागलोय आणि लोकांच्या घरची बारीकसारीक कामं करतो. तलाव अजून गोठलेला नाही, नुसता कडेला पापुद्रा धरतोय. आईला सप्टेंबरात न्यूमोनिया झाला होता. तुला कळवू नको म्हणाली, म्हणून कळवलं नाही. आता बरी आहे. पण घरी येणाऱ्या नर्सनं मला अंगणात गाठून सांगितलं की घर गार राहून दुखणं उलटलं, तर आईला इथे एकटीला ठेवता येणार नाही, वृद्धाश्रमात हलवावं लागेल. आईनं ते खिडकीतून ऐकलं. न्यायचंच असेल तर घर तापवणाऱ्या तळघरातल्या भट्टीसकट न्या, म्हणाली.

पॅसेजमधला तो गोल थर्मोस्टॅट तू विसरली नसशील. बाबांखेरीज कुणी त्याला हात लावायचा नाही. हरणांच्या शिकारीचा मोसम उघडल्याशिवाय भट्टी पेटायची नाही आणि पेटली की काटा बासष्ट फॅरनहाइटवर, मग बाहेर थंडीनं झाडं तडकोत. रोज सकाळी बाबा त्याच्यावर नखानं दोनदा टकटक करायचे, जणू आत कुणी झोपलंय. त्यांना जाऊन दीड वर्ष झालं तरी आईनं काटा हलवला नव्हता. यंदा मात्र भट्टी मनाला येईल तेव्हा पेटायला लागली. थर्मोस्टॅटच्या आत पाऱ्याची काचेची कुपी असते. घर गार झालं की ती कलते, पारा एका टोकाला जातो आणि भट्टीला हुकूम मिळतो. त्या कुपीची बारीक तार तुटत आली होती. म्हणून मी नवा आणला, आकडे दाखवणारा, उन्हाळ्यात घर थंडही करणारा. थंड करायची सोय कशाला, ते खातं देवानं स्वतःकडे ठेवलंय, असं आईचं म्हणणं.

मी काही चुकवलं नाही, हेल्मी. वीज बंद केली. तारा सोडवण्याआधी फोटो घेतला. प्रत्येक तारेला चिकटपट्टी लावून तिचं अक्षर लिहिलं, कारण नुसत्या रंगावर विसंबून लोक भट्ट्या जाळतात. नवा डबा पाणसळ धरून सरळ बसवला. समोरचे व्हर्नर काका खास बघायला आले होते. तुझ्या बापानं पाहिलं असतं तर तुलाच त्या तारांवर वाळत घातलं असतं, म्हणाले. आई हसली नाही. तिनं फक्त आकडा विचारला. बासष्ट, मी म्हटलं. तिनं मान हलवली. जुना थर्मोस्टॅट मी कापसात गुंडाळून कॉफीच्या डब्यात ठेवला. पारा कचऱ्यात टाकता येत नाही.

आणि घर गार पडलं. दुसऱ्या दिवशी गेलो तर आई बाबांचा शिकारीचा कोट घालून स्वयंपाकघरात बसलेली. मी तळघरात जाऊन भट्टी तपासली, हवा गाळणारी जाळी बदलली, तारा एकेक करून पुन्हा पाहिल्या. सगळं बरोबर. मी आकडा अडुसष्टवर नेला, संध्याकाळी येऊन पाहतो तो पुन्हा बासष्ट. हे घर बासष्टवर उभं आहे, आई म्हणाली. आठवड्यात तिचा खोकला परत आला. मग तिनं टेबलावर बाबांचा कप मांडायला सुरुवात केली. पॅसेजमध्ये त्यांची चाहूल लागते म्हणे, तिथून जाताना मानेवर गार वारा येतो. एकदा मी भांडी पुसत होतो तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "तू त्यांना भिंतीवरून काढलंस, आता ते कुठे बसणार?" मी तिला समजावलं नाही, कारण टकटक मलाही ऐकू येत होती. भट्टी थांबली की हवेच्या वाटेचा पत्रा आकसतो आणि वाजतो, हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगतो. तरी दर वेळी वळून बघायचो. पॅसेजमधून जाताना मीही भिंतीला खेटून चालायला लागलो होतो, कुणाला तरी वाट द्यावी तसा.

शेवटी दुकानातून चांगला तापमापक आणला आणि खोल्याखोल्यांतून ठेवला. बासष्ट. नवा थर्मोस्टॅट खरं बोलत होता. म्हणजे आधीचा खोटं बोलत होता. मी तारांचा तो फोटो पुन्हा काढून पाहिला, या वेळी तारा सोडून बाकीचं. दाराच्या चौकटीशेजारी गोल डबा स्पष्ट कललेला दिसत होता. पाऱ्याचा थर्मोस्टॅट कलला की त्याचे आकडे चुकतात. काटा बासष्ट दाखवतो आणि भट्टी घराला अडुसष्टपर्यंत नेते. खाली तापमान दाखवणारा दुसरा काटा असतो, पण आपला पहिल्यापासून अडकलेलाच होता. मी नवा डबा उतरवून मागची भिंत पाहिली. स्क्रूचं जुनं भोक लांबी भरून बुजवलेलं आणि त्याच्या किंचित वर दुसरं पाडलेलं. बाबा सुतार होते. परक्यांच्या घरातली तिरकी चित्रं सरळ केल्याशिवाय त्यांना कॉफी गोड लागायची नाही. त्यांच्या हातून भिंतीवर काही चुकून तिरकं बसेल?

तुझ्या शाळेच्या शेवटच्या वर्षी तू काटा सत्तरवर नेलास आणि जेवताना केवढं भांडण झालं. बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, "ज्याला ऊब हवी त्यानं स्वतःचं घर बांधावं." दुसऱ्या दिवशी तू शाळेत गेलीस. मी तापानं कोचावर पडलो होतो. बाबा कामावरून मधेच आले, स्क्रूड्रायव्हर घेऊन पॅसेजमध्ये उभे राहिले. मी पाहतोय हे लक्षात आल्यावर, झोप, एवढंच म्हणाले. पुढे मी ते विसरून गेलो. पण त्या नाताळात तू टोपी घालून झोपणं बंद केलंस, आठवतं? थंडीची सवय झाली म्हणालीस. सवय नव्हती झाली, हेल्मी. त्यांना शब्द मागे घेता येईना, म्हणून त्यांनी आकडा तसाच ठेवून घर गरम केलं. आणि तू जूनमध्ये घर सोडून गेलीस, ते त्यांना पोचवायलासुद्धा आली नाहीस.

आईला हे सांगायला मी दोनदा तोंड उघडलं. पण बासष्ट हा तिच्याजवळ उरलेला त्यांचा शेवटचा शब्द आहे. तो खोटा होता हे तिला कसं सांगू? नव्या थर्मोस्टॅटमध्ये आकडा खरा नसेल तर दुरुस्त करायची सोय असते. मी ती उलटी वापरली. आता तोही सहा अंश खोटं बोलतो. मंगळवारी गेलो तर कोट खुंटीवर होता, आई बाही सरसावून कणीक मळत होती आणि नर्स तिची छाती तपासून समाधानानं निघाली होती. टेबलावर कप दोनच होते, तिचा आणि बाबांचा. आईनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, आलेत.

मग तिनं हात धुतले, मला समोर बसवलं आणि तुला पत्र लिहायला सांगितलं. पत्र एका ओळीचं होतं. ती म्हणाली, "हेल्मीला लिही, बाबा आता रागावलेले नाहीत, घरी ये." मी ती ओळ लिहिली आणि मला पुढे जाता येईना, कारण ते आले नाहीत हे मला माहीत आहे आणि ते कधी रागावलेलेच नव्हते हे तुला माहीत नाही. म्हणून बाकीचं सगळं मी माझ्या मनानं लिहिलंय. ये. आईसमोर यातलं काही बोलू नकोस. ती तुझ्यासाठीही कप मांडेल, तो घे. घर गरम आहे.

तुझाच,
आर्नी