दाजींच्या टाकीवरचं बदक

तीर्थस्वरूप दाजींना धाकट्या मेहुण्याचा वाकून नमस्कार.

थोरल्या लेकाकडची हवा मानवली का? खोकला ओसरला का? ताईला नीट झोप लागते ना? इकडे देवाच्या कृपेने आम्ही ठीक आहोत, आणि तुम्ही वापरायला ठेवून गेलेली मोटारसायकलही ठीक आहे. (ठीक हा शब्द मी बराच विचार करून लिहिला आहे.)

आई सांगायची, शेजारून आणलेलं भांडं रिकामं परत करू नये. तुम्ही शनिवारी येणार, तर गाडीही भरून द्यावी म्हणून मी पंपावर गेलो. नळी आपोआप थांबली. पंपावरच्या बाई म्हणाल्या, "बास काका, झाली फुल." मी म्हणालो, "गाडी दाजींची आहे, अजून थोडं बसवा." "अहो, पेट्रोल उन्हात फुगतं, त्याला वर जागा लागते." मी म्हणालो, "टाकी कमी दिसली तर पेट्रोलच्या आधी दाजी फुगतील." (क्षमा असावी, बोलण्याच्या ओघात गेलं.) शेवटी हट्टाने पार झाकणापर्यंत भरून घेतलं.

घरी येऊन गाडी अंगणात उन्हात लावली आणि जपाला बसलो. थोड्या वेळाने पेट्रोलचा वास येऊ लागला. मन भरकटतंय असं वाटून मी डोळे आणखी घट्ट मिटले. वास वाढला तसा जपही वाढवला. शेवटी ही स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, आज देवाला पेट्रोल वाहिलंत की काय?" धावत बाहेर आलो तर झाकणातून पेट्रोल पाझरून टाकीवरून ओघळत होतं. हिने आधी गॅस बंद केला, मग माझा उद्धार केला. मी गाडी सावलीत ढकलली, टाकी पुसून काढली. रंग वाचला, पण फडक्याला काहीतरी पिवळं लागलं.

दाजी, ते बदक होतं.

तुमच्या लेकीने शाळेत असताना टाकीवर चिकटवलेलं स्टिकर. तिने स्वतःच्या मनाने लग्न केल्यापासून तुम्ही घरात तिचं नाव काढू देत नाही, भिंतीवरचे फोटोही उतरवलेत. पण गाडी पुसताना तुमचं फडकं त्या बदकाच्या कडेकडेने जातं, हे मी पाहिलं आहे. (ताईनेही.) त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. सारा बाजार पालथा घातला. हत्ती मिळाले, कोंबड्या मिळाल्या, बदक नाही. तुमच्या टाकीवर हत्ती लावायचं धाडस मला झालं नाही. शेवटी तिलाच फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मामा, ते अजून होतं?"

चुकलं माकलं पोटात घाला.

तुमचा मेहुणा

ता. क. त्याच पाकिटातलं दुसरं बदक तिच्याकडे आहे. पोस्टाने पाठव म्हटलं, तर म्हणते, "तुमच्या हातून वाकडं बसेल, मीच येऊन लावते." रविवारी येते आहे, जावईही येताहेत. तेवढं घरी असावं, ही विनंती.

आणखी एक. टाकी भरून देणार होतो, पण पंपावरच्या बाईंचं ऐकून पेट्रोल काढून वर जागा ठेवली आहे. जरा जास्तच ठेवली आहे. रविवारी रागावून निघालात तर गाडी फार तर कोपऱ्यापर्यंत जाईल. ढकलत परत आणायला जावई आहेतच.